गाडी घरी बनवली, हलके कॅलिपरही लावले. पण ती थांबणार किती मीटरमध्ये?

मोबाईलवर रील बघत बसलं की असा एक व्हिडिओ हमखास समोर येतो. पत्र्याच्या शेडमध्ये पाइप वेल्ड करून बनवलेली चौकट, त्यावर जुन्या मारुतीचं इंजिन, उघडी चाकं आणि चाकांच्या आतून डोकावणारे लालभडक ब्रेक कॅलिपर. खाली कमेंटही ठरलेल्या. 'भावा, टॉप स्पीड किती?', 'खर्च किती आला?', 'आपल्याला पण बनवून दे'. गाडी थांबायला किती मीटर लागतात, हे विचारणारा मात्र शोधूनही सापडत नाही.

हा प्रश्न शिरूर आणि दौंडच्या पोरांनी तर आधी विचारायला हवा. भीमा नदीच्या अल्याड-पल्याड असलेले हे दोन तालुके. शिरूरमधून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो, दौंडमधून पुणे-सोलापूर महामार्ग. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे, २०१७ पासून जीप कंपास तिथेच तयार होते. त्यामुळे वेल्डिंग, लेथ, गाडीचे पार्ट या गोष्टी इथल्या पोरांना नवीन नाहीत. पण याच रस्त्यांवर उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि अंधारात त्यांच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नसते. अशा वेळी गाडी पळते किती याला अर्थ नसतो. ती थांबते कुठे, एवढंच महत्त्वाचं असतं.

तर घरी बनवलेल्या गाडीला हलके, बाहेरून आणलेले कॅलिपर लावले की नेमकं काय बदलतं, काय बदलत नाही आणि कायदा काय म्हणतो, ते समजून घेऊ.

आपल्याकडची सगळ्यात गाजलेली घरगुती गाडी

घरी गाडी बनवणं हे काही परदेशातलं खूळ नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले आणि दुचाकीचे पार्ट वापरून चारचाकी बनवली होती. किक मारून सुरू होणारी ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर व्हायरल झाली. आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळालीसुद्धा.

या गोष्टीतला एक भाग शेअर करताना गळून पडला. कौतुक करतानाच महिंद्रा यांनी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसत नाही. म्हणजे डोकं आणि हात कितीही चालत असले, तरी बनवलेली गाडी रस्त्यावर चालवणं हा वेगळा विषय आहे. त्याकडे शेवटी येऊच.

परदेशात अशा गाड्यांना 'किट कार' म्हणतात. चौकट, बॉडी आणि पार्ट सुटे मिळतात, मालक ते घरी जोडतो. १९५७ साली आलेली ब्रिटनची लोटस सेव्हन हे त्यातलं गाजलेलं नाव. वजन कमी ठेवायचं आणि लहान इंजिनातही मजा घ्यायची, ही तिची कल्पना. हलक्या कॅलिपरचं वेड याच विचारातून येतं.

कॅलिपर करतो काय?

चाकासोबत एक लोखंडी डिस्क फिरत असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. तुम्ही पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल दाबलं जातं, तो दाब पाइपमधून कॅलिपरपर्यंत जातो, आतला पिस्टन पुढे सरकतो आणि ब्रेक पॅड डिस्कवर घासतात. या घर्षणातून गाडीच्या वेगाची उष्णता होते.

किती उष्णता? माणसासकट ६०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबली, तर सुमारे १४८ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं ४४० मिलिलिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे एका ब्रेकमागे तीन-चार कप चहाचं आधण! वेग निम्मा, म्हणजे ४० केला तर हीच ऊर्जा निम्मी न होता चौपट कमी होते, ३७ किलोज्यूलवर येते.

ही उष्णता मुख्यतः डिस्क शोषून घेते. त्यामुळे कॅलिपर भारीतला लावला म्हणून ब्रेक आपोआप कमी तापतील असं नाही. त्यासाठी डिस्कचं वजन, जाडी आणि तिला लागणारी हवा बघावी लागते.

मग हलका कॅलिपर कशाला?

कंपनीच्या छोट्या गाडीत साधारणपणे बिडाचा कॅलिपर असतो. बाहेर मिळणारे स्पोर्ट्स कॅलिपर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. बिडाची घनता ७.२ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. त्यामुळे वजनात फरक पडतो हे खरं आहे.

समजा एका चाकामागे दोन किलो वाचले. पुढच्या दोन चाकांचे मिळून चार किलो. ६०० किलोच्या गाडीत हे प्रमाण एक टक्कासुद्धा नाही. त्यामुळे वजन घटलं म्हणून गाडी लवकर थांबेल, ही अपेक्षा सोडून द्या.

फायदा दुसरीकडे आहे. कॅलिपर, डिस्क, चाक, टायर हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्डा किंवा गतिरोधक आला की हे सगळं वर-खाली उडतं आणि स्प्रिंग-शॉकॲब्सॉर्बरला ते सावरावं लागतं. हे वजन जितकं कमी, तितका टायर रस्त्याला चिकटून राहतो. मुळात हलक्या असलेल्या गाडीत हा फरक जास्त जाणवतो. म्हणजे हलका कॅलिपर ही थाप नाही. फक्त तो जे देतो ते वेगळं आणि लोक समजतात ते वेगळं.

चार पिस्टन म्हणजे दुप्पट ताकद?

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. जुन्या कॅलिपरला एकच पिस्टन होता, नव्याला चार आहेत, म्हणजे ब्रेक चौपट, निदान दुप्पट तरी लागणार, असा सरळ हिशोब केला जातो.

तो चुकतो, कारण दोन्हींची रचना वेगळी आहे. एका पिस्टनचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन आतलं पॅड ढकलतो आणि त्याच्या उलट धक्क्याने कॅलिपरचं अंग सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतं. चार पिस्टनचा कॅलिपर जागेवर घट्ट असतो, त्यात दोन पिस्टन एका बाजूने आणि दोन दुसऱ्या बाजूने दाबतात. त्यामुळे तुलना करताना नेहमी एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे.

हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. एका बाजूच्या प्रत्येक पिस्टनच्या व्यासाचा वर्ग करा आणि बेरीज करा.

• जुना: ४८ मिमीचा एक पिस्टन. ४८ × ४८ = २३०४.
• नवा, ३० मिमीचे पिस्टन: ९०० + ९०० = १८००.
• नवा, ३४ मिमीचे पिस्टन: ११५६ + ११५६ = २३१२.
• नवा, ३८ मिमीचे पिस्टन: १४४४ + १४४४ = २८८८.

बघा गंमत. ३० मिमीचा चार पिस्टनवाला कॅलिपर दिसायला कितीही जबरदस्त असला, तरी जुन्यापेक्षा २२ टक्के कमी जोर लावतो. ३४ मिमीचा जवळजवळ जुन्याइतकाच. ३८ मिमीचा २५ टक्के जास्त.

आता हाच आकडा रस्त्यावर आणू. आधीची गाडी ताशी ८० वरून सुमारे ३१.५ मीटरमध्ये थांबत होती असं समजा. ब्रेकचा ६६ टक्के जोर पुढच्या चाकांवर आहे आणि पुढे ३० मिमीचे कॅलिपर लावले. पाय तेवढ्याच ताकदीने दाबला, तर थांबायला जवळपास ३७ मीटर लागतील. फरक पाच मीटरहून जास्त. मारुती ८०० ची लांबी साडेतीन मीटरच्या आतली आहे, म्हणजे दीड गाडी पुढे. समोर उसाची ट्रॉली असेल तर हे पाच मीटर नक्की कुठे संपतील, हे सांगायला नको. आणि पाय पेडलवर पोचायला लागणारा एक सेकंद यात धरलेलाच नाही. त्या एका सेकंदात गाडी आणखी २२ मीटर गेलेली असते.

जोरात पाय दाबून ही कसर भरून काढता येते, पण अंगावर आलेल्या क्षणी प्रत्येकाचा पाय तेवढा जोर लावेलच असं नाही. घरी बनवलेल्या हलक्या गाड्यांना बऱ्याचदा ब्रेक बूस्टरही नसतो.

मग मोठेच पिस्टन घेऊ की!

त्याचीही किंमत आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ २५ टक्के वाढलं की ते सरकवायला ब्रेक ऑइलही २५ टक्के जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जातं आणि 'स्पंजी' लागतं. मोठा मास्टर सिलिंडर बसवला तर पेडल कडक होतं, पण तेवढ्याच पायाच्या जोरात दाब कमी तयार होतो. म्हणजे कॅलिपर, मास्टर सिलिंडर आणि पेडलची लांबी हे तिघं एकाच कुटुंबातले. एकाला बदललं की बाकीच्या दोघांना विचारावं लागतं.

पुढे किती, मागे किती?

ब्रेक लावला की गाडी पुढे वाकते, हे सगळ्यांनी अनुभवलंय. त्या वेळी वजन मागच्या चाकांवरून पुढच्यांवर जातं. उभी असताना पुढे ३०० आणि मागे ३०० किलो भार असलेली गाडी घ्या. चाकांमधलं अंतर २.३ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर. कडक ब्रेक लावला तर जवळपास ९४ किलो भार पुढे सरकतो. पुढे ३९४, मागे फक्त २०६ राहतो.

मागच्या चाकांवर भार कमी आणि ब्रेक जास्त झाला की ती आधी जाम होतात. पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरते. मागची आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते, आणि अशी गाडी सावरणं कसलेल्या ड्रायव्हरलाही अवघड जातं. पुढच्या चाकांना कमी जोराचे हलके कॅलिपर लावून मागचे ब्रेक जसेच्या तसे ठेवले, तर नकळत नेमकं हेच घडवून आणलं जातं.

बसवताना कुठे चुकतं?

कॅलिपर दुसऱ्या गाडीचा असला की त्याची भोकं जुन्या जागेवर बसत नाहीत. मग ब्रॅकेट बनवावं लागतं. त्यावर किती ताण येतो? वरच्याच गाडीत, कडक ब्रेकच्या वेळी पुढच्या एका कॅलिपरला सुमारे पावणेपाचशे किलोंचा ओढा बसतो. हा ओढा प्रत्येक ब्रेकला येतो आणि जातो. म्हणून गेट किंवा ग्रिल बनवताना उरलेली पट्टी इथे चालत नाही.

• ब्रॅकेट: जाड, सपाट आणि मशीनवर नेमकं कापलेलं हवं. स्टिअरिंगच्या नकलला थेट वेल्डिंग करू नये. तापलेल्या जागी धातू ठिसूळ होऊन पुढे तडा जाऊ शकतो.
• बोल्ट: डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असलेलेच घ्यावेत आणि टॉर्क पान्याने आवळावेत. ॲल्युमिनियमच्या आट्या अंदाजाने आवळल्या तर सहज मरतात.
• मध्य साधणं: डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. घट्ट कॅलिपर सरकत नाही, त्यामुळे चूक तो स्वतः सावरून घेत नाही. पॅड डिस्कच्या कडेबाहेर लटकत असेल तर ते तिरकं झिजतं.
• चाकाची जागा: १२ किंवा १३ इंची रिममध्ये चार पिस्टनचा कॅलिपर अडकू शकतो. खरेदीच्या आधी पुठ्ठ्याचा साचा करून बघितला तर पैसे वाचतात.
• हवा काढायचा निपल: तो वरच्या बाजूला असला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसला की निपल खाली येतो, हवा वर अडकून राहते आणि कितीही वेळा ब्लीडिंग केलं तरी पेडल मऊच राहतं.
• होस पाइप: स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि चाक वर-खाली करून बघायचं. होस ताणला जाता कामा नये आणि टायरला घासता कामा नये.
• हँडब्रेक: स्पोर्ट्स कॅलिपरमध्ये बऱ्याचदा हँडब्रेकची सोय नसते. मागे लावताना हे विसरलं तर गाडी उतारावर उभी करता येत नाही.

ब्रेक ऑइलकडेही दुर्लक्ष होतं. डॉट ३ ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पण ही ऑइल हवेतला ओलावा शोषतात. ओलावा मुरल्यावर याच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. अर्धवट उघडा राहिलेला जुना डबा वापरणं म्हणूनच महागात पडतं.

रेसचा कॅलिपर आणि उसाच्या फडाची धूळ

रेससाठी बनवलेल्या बऱ्याच हलक्या कॅलिपरमध्ये पिस्टनवर धूळ अडवणारं रबरी बूट नसतं. ट्रॅकवरची गाडी थोड्या वेळाने उघडून साफ होते, त्यामुळे तिथे चालून जातं. शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि हंगामात उसाचं पाचट. ही घाण पिस्टनवर चढली की सील खराब होतं, पिस्टन अडकतो, एक चाक जास्त धरतं आणि ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यात पाणी साचलं की गंजही लवकर धरतो. रस्त्यासाठीचा, डस्ट बूट असलेला कॅलिपर थोडा जड असतो, पण इथल्या मातीत तोच टिकतो.

दुचाकीच्या कॅलिपरचंही आकर्षण असतं. इटलीच्या ब्रेंबो कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातच आहे आणि तिच्या 'बायब्रे' ब्रँडचे कॅलिपर केटीएम ड्यूकसारख्या दुचाकींना येतात. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या अगदी हलक्या गाड्यांना दुचाकीचे कॅलिपर लावलेले दिसतात, पण तिथे डिस्क, पिस्टन आणि वजनाचा पूर्ण हिशोब केलेला असतो. कारच्या जाड डिस्कवर हा कॅलिपर मुळात बसतच नाही.

आणि लाल रंगाचं प्लॅस्टिकचं कव्हर हे फक्त कव्हर असतं. त्याने ब्रेकची हवा मात्र अडते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी छेडछाड चालणार नाही, असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. यात बाहेरचे पार्ट बसवणंही येतं.

पूर्ण घरी बनवलेल्या गाडीची अडचण आणखी मोठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडीचं मॉडेल ठरलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. गंमत म्हणजे यातल्या तीन संस्था शिरूर-दौंडच्या आसपासच आहेत. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरजवळची डीआरडीओची व्हीआरडीई. पण ही तपासणी गाड्या बनवून विकणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. एकाच हौशी गाडीसाठी तिचा खर्च आणि कागद झेपणारे नसतात.

मग काही जण जुन्या मारुतीचं आरसी बुक नव्या चौकटीला जोडतात. रस्त्यावरची गाडी आणि कागदावरची गाडी वेगळी असली, की अपघातानंतर विम्याचा दावा अडतो. समोरच्याला झालेल्या इजेची भरपाई मग स्वतःच्या खिशातून, नाहीतर जमिनीतून द्यायची वेळ येते.

मग हौस करायचीच नाही?

करायची, पण जागा बघून. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी बाहा एसएईइंडिया, फॉर्म्युला भारत अशा स्पर्धा आहेत. तिथे स्वतः बनवलेली गाडी बंद ट्रॅकवर चालवता येते. आणि तिथला एक नियम प्रत्येक शेडमध्ये लिहून ठेवण्यासारखा आहे. वेगाच्या फेरीआधी ब्रेकची परीक्षा होते. गाडी पळवायची, कडक ब्रेक लावायचा आणि चारही चाकं जाम झाली पाहिजेत. एक जरी फिरत राहिलं तर गाडी पुढच्या फेरीला नाही. शिवाय ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन सक्तीच्या, म्हणजे एक फुटली तरी दुसरी काम करते.

घरच्या गाडीलाही हीच परीक्षा लावता येते. स्वतःचं मोकळं रान, आसपास माणूस-जनावर नाही, डोक्यावर हेल्मेट. आधी इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरायचं आणि कुठे ऑइल गळतंय का ते बघायचं. मग ताशी १० च्या वेगाने, मग २०, मग ३०. नवीन पॅड असतील तर मध्यम ब्रेक लावत ती हळूहळू डिस्कवर बसू द्यायची, मध्ये थंड होऊ द्यायची. प्रत्येक वेळी टेपने अंतर मोजायचं आणि वहीत लिहायचं. जुन्या कॅलिपरचे आकडे आधी लिहून ठेवले असतील, तर नव्याचा फरक कुणाला विचारावा लागत नाही.

पुढच्या वेळी लाल कॅलिपरवाली रील दिसली, तर लाइक जरूर करा. फक्त टॉप स्पीड विचारणाऱ्यांच्या गर्दीत एक कमेंट तुमचीही असू द्या: 'भावा, ८० वरून किती मीटरमध्ये थांबते?'